आठ दिवसांच्या शिबिरामागचा उन्हाळा

श्रमसेवा शिबिरात दोन तऱ्हेची माणसे राबतात. एक शिबिरार्थी. ते आठ-दहा दिवसांसाठी येतात, खणतात, गाणी म्हणतात आणि तळहातावरचे फोड दाखवत घरी जातात. दुसरे शिबिर चालवणारे. त्यांचे काम शिबिरार्थी येण्याच्या महिनाभर आधी सुरू होते आणि शेवटची एसटी गेल्यावर घमेली मोजण्यापाशीही संपत नाही. संयोजक, शिबिरप्रमुख, गटप्रमुख, कोठीप्रमुख किंवा नुसतेच ‘कार्यकर्ते’ अशी त्यांची नावे. बहुतेक जण विशी-पंचविशीतले, आदल्या एखाद्या उन्हाळ्यात शिबिरार्थी म्हणून आलेले. वर्तमानपत्रातल्या फोटोत फावडे उगारलेले हात दिसतात, कोठीची किल्ली सांभाळणारा दिसत नाही. शिबिर फसते किंवा तगते ते मात्र त्याच्यावर.

वर्धा जिल्ह्यात ही परंपरा जुनी आहे. तिची सुरुवात राबणारा आणि चालवणारा हा भेद नाकारून झाली. 1935 साली गांधीजींचा मुक्काम वर्ध्याच्या मगनवाडीत असताना त्यांचे सहकारी सकाळी बादल्या आणि झाडू घेऊन लगतच्या सिंदी गावात जात आणि रस्त्याकडेची विष्ठा उचलत. गांधीजी स्वतःही जात. पुढे मीराबेन त्या गावातच राहू लागल्या. गावकऱ्यांनी हे सारे पाहिले, हात मात्र लावला नाही. ‘गाव पुढे येत नाही’ ही आजच्या प्रत्येक शिबिराच्या अहवालात असणारी तक्रार नव्वद वर्षांची आहे. 30 एप्रिल 1936 रोजी, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, गांधीजी शेगावला गेले. 1940 मध्ये त्या गावाचे नाव सेवाग्राम झाले. आश्रमात स्वयंपाक, दळण, झाडलोट आणि संडाससफाई पाळीने चाले, पाहुण्यालाही भाजी चिरायला बसावे लागे.

ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि झाकिर हुसेन समितीच्या आराखड्यातून नई तालीम उभी राहिली. सेवाग्रामची शाळा आशादेवी आणि ई. डब्ल्यू. आर्यनायकम यांनी चालवली. तिथे सामूहिक स्वयंपाकघर हाच एक वर्ग होता. किती शिधा लागेल, तो केवढ्याला पडेल, माणशी पोषण किती मिळेल, हा हिशेब मुलेच मांडत. शिबिर चालवण्याचे शिक्षण म्हणून याहून नेमके काही नंतर कोणी दिलेले नाही.

पवनारहून विनोबा 1946 पासून दीड वर्षाहून अधिक काळ रोज खांद्यावर फावडे टाकून पाचेक किलोमीटरवरच्या सुरगावला भंगीकामासाठी चालत जात. एकदा नदीला पूर आल्याने पलीकडे जाता येईना, तेव्हा त्यांनी काठावरूनच एका माणसाला हाक मारली आणि गावच्या देवळात देवाला कळवायला सांगितले, की गावाचा भंगी येऊन गेला. यात देवभोळेपणापेक्षा हजेरीचा हट्ट अधिक आहे. शिबिराच्या कार्यकर्त्याला हाच गुण सर्वांत जास्त लागतो आणि आठ दिवसांत तो शिकवता येत नाही.

स्वातंत्र्यानंतर श्रमसेवा सरकारी योजनांत आली. 1959 मध्ये सी. डी. देशमुख समितीने विद्यार्थ्यांना नऊ महिने ते वर्षभराची सक्तीची राष्ट्रीय सेवा सुचवली. ती सूचना बारगळली आणि बऱ्याच चर्चेनंतर 24 सप्टेंबर 1969 रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, राष्ट्रीय सेवा योजना 37 विद्यापीठांत ऐच्छिक म्हणून सुरू झाली. दोन वर्षांत 240 तासांचे काम आणि दत्तक गावात सात दिवसांचे निवासी शिबिर हा तिचा साचा. हे शिबिर कार्यक्रम अधिकारी असलेल्या प्राध्यापकाच्या भरवशावर चालते आणि परीक्षा टाळायच्या म्हणून बहुधा हिवाळ्यात होते. उन्हाळा त्यामुळे स्वयंसेवी संस्थांच्या वाट्याला आला.

उन्हाळी शिबिराचा महाराष्ट्राला माहीत असलेला नमुना वर्ध्याच्या शेजारी घडला, घडवणारा माणूस मात्र वर्धा जिल्ह्याचा. बाबा आमटे यांचा जन्म 26 डिसेंबर 1914 रोजी हिंगणघाटला झाला. पन्नासच्या दशकात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संघटनेचे अनेक देशांतील तरुण स्वयंसेवक वरोऱ्याजवळच्या आनंदवनात येऊन राहिले आणि त्यांनी दवाखान्याचे बांधकाम केले. कुष्ठरोग्यांच्या वसाहतीकडे त्या काळी आसपासचे लोकही फिरकत नसत. 1967 पासून चंद्रपूर जिल्ह्याच्या मूल तालुक्यातील सोमनाथ येथे बाबांनी श्रमसंस्कार छावणी भरवली आणि मे महिन्याच्या मध्यावर तिला जाणे ही महाराष्ट्रातल्या तरुणांच्या काही पिढ्यांची रीत झाली. छावणीतली चालवणारी माणसे कोण, हे इथे लक्षात घ्यावे लागते. सोमनाथची शेती कुष्ठमुक्त माणसांनी उभी केली आहे. मुंबई-पुण्याचा धडधाकट मुलगा तिथे जातो तो बोटे झडलेल्या माणसाच्या हाताखाली काम शिकायला. सेवा घेणारा आणि करणारा यांची जागा अशी उलटवणारे दुसरे शिबिर सापडणे कठीण.

सेवाग्रामला डॉ. सुशीला नय्यर यांनी 1969 मध्ये सुरू केलेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेने शिबिर थेट वैद्यकीय शिक्षणात बसवले. नव्या तुकडीचे विद्यार्थी आधी आश्रमात राहतात. प्रार्थना, सफाई, सूतकताई आणि श्रमदान हा तिथला दिनक्रम. नंतर त्यांचे गावात समाजसेवा शिबिर होते. प्रत्येक विद्यार्थ्याकडे काही कुटुंबे सोपवलेली असतात आणि शिबिर संपल्यावरही त्या घरांकडे ठरावीक अंतराने जावे लागते. इथे शिबिर चालवणारे म्हणजे समुदाय वैद्यक विभागाचे अध्यापक आणि समाजसेवक. गावात पुन्हा तोंड दाखवायचे आहे हे त्यांना ठाऊक असते. साहजिकच आठ दिवसांत भव्य काही करून दाखवण्याची घाई इथे नसते, रक्तदाब आणि हिमोग्लोबिन मोजले तरी चालते.

अलीकडचा मोठा उन्हाळा पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेचा. 2016 मध्ये तीन तालुक्यांत सुरू झालेली ही स्पर्धा 2017 मध्ये 30 तालुक्यांत पोहोचली. 8 एप्रिल ते 22 मे असे 45 दिवस गावांनी श्रमदानाने पाणलोटाची कामे करायची होती. त्या वर्षीचे पहिले बक्षीस वर्धा जिल्ह्याच्या आर्वी तालुक्यातील काकडदरा या छोट्या आदिवासी गावाने पटकावले. गाव टेकड्यांत, वस्ती मुख्यतः कोलामांची. तिथे ऐंशीच्या दशकातही पाणलोटाची कामे झाली होती, म्हणजे फावड्याची ओळख नवी नव्हती. स्पर्धेच्या चालकांनी एक गोष्ट जुन्या शिबिरांपेक्षा वेगळी केली. गावातलीच माणसे आधी निवासी प्रशिक्षणाला नेली आणि चालवण्याचे काम त्यांच्यावर टाकले. शहरातले ‘जलमित्र’ 1 मेच्या महाश्रमदानाला एका सकाळपुरते आले. बाहेरचा पाहुणा आणि घरचा यजमान, एवढे नाते त्यात स्पष्ट होते.

आता प्रत्यक्ष काम. ते गाव ठरवण्यापासून सुरू होते आणि त्यासाठी कार्यकर्त्याला चैत्रातच दोन-तीन फेऱ्या माराव्या लागतात. पाणी कोणत्या विहिरीचे, ते मेअखेर टिकते का, मुलींना राहायला शाळेची खोली मिळेल का, तिच्या दाराला आतून कडी आहे का, हे तो आधी पाहतो. सर्वांत अवघड प्रश्न असतो, काम कोणाच्या शेताला लागून? बंधाऱ्याचे पाणी सरपंचाच्या विहिरीला लागणार असेल, तर दुसरी पार्टी घराबाहेर पडत नाही. ग्रामसभेचा ठराव आणि शेतमालकाची लेखी संमती घेतल्याशिवाय टिकास मारायचा नाही, हा नियम अनुभवातून आलेला आहे.

जमीनही पाहावी लागते. आर्वी, आष्टी, कारंजा या उत्तरेच्या तालुक्यांत टेकड्या आहेत, मुरूम आहे, उतार आहे. तिथे समतल चर आणि दगडी बांध शोभतात. हिंगणघाट-समुद्रपूरकडे काळी कपाशीची माती. मे महिन्यात ती दगडासारखी घट्ट होऊन तडकते, पावसात फुगते आणि चराच्या कडा ढासळतात. तिथे चर खणणे म्हणजे शिबिरार्थ्यांची हौस भागवणे. नाल्यातला गाळ काढणे, शाळेची दुरुस्ती किंवा शोषखड्डे ही कामे त्या मातीत बरी.

चराची आखणी कार्यकर्ते आदल्या संध्याकाळी करून ठेवतात. इंग्रजी ‘ए’च्या आकाराची लाकडी चौकट आणि ओळंबा किंवा पाणी भरलेली पारदर्शक नळी असलेला हायड्रोमार्कर घेऊन एका पातळीतले बिंदू शोधायचे आणि त्यावरून फक्कीची रेघ ओढायची. रेघ वितभर जरी उतरली तरी पावसाचे पाणी चराच्या एका टोकाला धावते आणि तिथून बांध फोडते. नंतर येतो हिशेब. 60 सेंटिमीटर रुंद आणि 30 सेंटिमीटर खोल असा चर एक मीटर खणला की 180 लिटर पाणी मावते. एक घनमीटर म्हणजे साडेपाच मीटर चर. सुटी झालेली माती फुगून सव्वापट होते, म्हणून त्यासाठी दहा-बारा लिटरची शंभराहून जास्त घमेली उचलावी लागतात. हे गणित पहिल्या दिवशी सांगितले तर गट खचतो, तिसऱ्या दिवशी सांगितले तर त्याला चेव येतो. कधी सांगायचे ते गटप्रमुखाने ओळखायचे.

अवजारांचे खाते वेगळे. फावडे, टिकास, सब्बल, घमेले यांची नोंदवही असते आणि मोजदाद रोज संध्याकाळी. टिकासाचा दांडा सैल झाला तर रात्री ते पाण्याच्या टाक्यात बुडवून ठेवतात. लाकूड फुगते आणि सकाळी पाते घट्ट बसते. हे काम कोणी विसरले तर दुसऱ्या दिवशी पाते निसटून मागच्याच्या नडगीवर बसण्याची भीती. शिबिरातल्या जखमा खणताना कमी होतात, अवजार खांद्यावर टाकून गप्पा मारत परतताना जास्त.

ऊन हा मात्र खरा मालक. मे महिन्यात वर्ध्याचा पारा 45 अंशांच्या वर जाणे नवलाचे नाही, आणि नवतपा म्हणून लोक ज्याला धास्तावतात तो महिनाअखेरीला लागतो. पहाटे पाचला उठवणे, सहा ते साडेनऊ श्रमदान, अकरा ते चार सावली, पाचनंतर पुन्हा दीड-दोन तास काम, असे वेळापत्रक त्यातूनच येते. कोकणातून किंवा पुण्याहून आलेल्या शरीराला या उष्म्याची सवय व्हायला आठवडा ते पंधरवडा लागतो आणि शिबिर असते आठ दिवसांचे. म्हणजे अंग सरावते न सरावते तोच परतीचे तिकीट. म्हणून जाणते शिबिरप्रमुख पहिले दोन दिवस निम्मेच काम लावतात आणि ‘आम्ही अजून करू शकतो’ म्हणणाऱ्या उत्साही मुलांवर खास नजर ठेवतात, कारण भोवळ येऊन पडतात ते तेच. डोक्याला दुपट्टा बांधणे, दर अर्ध्या तासाला पाणी, मधल्या सुट्टीत पन्हे किंवा मठ्ठा. लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून केलेले सरबत प्रत्येक गटाच्या कॅनमध्ये हवेच. घाम थांबून अंग तापले आणि माणूस असंबद्ध बडबडू लागला तर सरबताची वेळ गेलेली असते. सावली, ओले कापड आणि लगेच 108 ला फोन.

माणशी चाळीस लिटर धरले तरी शंभर जणांना रोज चार हजार लिटर पाणी लागते. पाणी अडवायला आलेल्या शिबिराने गावाची विहीर उपसली, असा बोल एकदा लागला की पुढचे सगळे व्यर्थ. त्यामुळे टँकरची सोय आधी, उद्घाटनाचे पाहुणे नंतर.

स्वयंपाकघर पहाटे साडेतीनला जागे होते. चूल पऱ्हाटीवर. उलंगवाडीनंतर, म्हणजे कापूस वेचून संपल्यावर, कपाशीची वाळकी झाडे बांधाबांधावर रचलेली असतात आणि जळण म्हणून तीच स्वस्त पडतात. पऱ्हाटी भडकन पेटते, भडकन विझते, एक माणूस चुलीपुढे बसवूनच ठेवावा लागतो. शंभर जणांना माणशी चार पोळ्या म्हणजे पंधराएक किलो कणीक, ती एका वेळची. गावातल्या दोन-तीन बाया मजुरीने लावतात आणि हाताखाली शिबिरार्थ्यांचा एक गट पाळीने असतो. आयुष्यात कांदा न चिरलेला मुलगा इथे पहिल्यांदा पाटावर बसतो. त्या सकाळी त्याला फावडे बरे वाटते. सकाळी पोहे, दुपारी वरण-भात-पोळी आणि वांग्या-बटाट्याची भाजी, रात्री कधी झुणका-भाकर. दुपारचे वरण रात्री वाढायचे नाही हा कोठीप्रमुखाचा कायदा, कारण या दिवसांत चार तासांत ते आंबते आणि अर्ध्या छावणीला हगवण लागली तर शिबिर गुंडाळण्यावाचून इलाज नसतो. कोठीची किल्ली एकाकडेच असते तीही याच कारणाने. साखर, गूळ आणि शेंगदाणे रात्री कमी होतात. प्रत्येक शिबिरात होतात.

संडास हा या परंपरेचा कस लावणारा विषय. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी त्यावर आयुष्य घालवले. शिबिरात आजही जिथे पक्की सोय अपुरी असते तिथे चर खणून, आडोसा करून, वापरानंतर माती किंवा राख टाकण्याची पद्धत चालते. सफाईच्या पाळीच्या यादीत पहिले नाव शिबिरप्रमुखाचे लिहायचे हा वर्ध्याच्या आश्रमांचा वारसा. तो पाळला तर यादीवर कुरकुर होत नाही. न पाळला तर चौथ्या दिवसापर्यंत पाळी कशी कोण जाणे ठरावीक मुलांकडे सरकते, आणि ती मुले कोणत्या समाजाची असतात हे पाहिले की सिंदीच्या सकाळी संपलेल्या नाहीत हे कळते. चांगला गटप्रमुख यादी रोज वाचून दाखवतो.

गट आठ-दहा जणांचा, एका महाविद्यालयातले दोघेच एकत्र येतील असा. दुपारच्या बौद्धिकाला वक्ते चांगले असतात, श्रोते पेंगतात. साडेनऊपर्यंत खणलेल्या माणसाला पंख्याविना खोलीत ग्रामस्वराज्य ऐकवणे हा थोडा छळच आहे. रात्रीचे अहवालवाचन मात्र रंगते. त्यात गटाने आपल्या चुका आपणच वाचायच्या असतात, आणि कार्यकर्त्यांच्या चुका तर शिबिरार्थी आनंदाने लिहून काढतात.

गावाच्या सहभागाबद्दल तक्रार करण्याआधी मे महिन्यातले गाव पाहायला हवे. लग्नसराई असते, खरिपाची मशागत असते. जंगलाला लागून असलेल्या वस्त्यांत याच दिवसांत तेंदूपत्त्याची तोडाई असते. त्या थोड्या दिवसांच्या कमाईवर घराचा पावसाळा निघतो. ती सोडून चर खणायला कोणी का यावे? गावातली तरुण मुले संध्याकाळच्या पाळीला येतात, आणि बहुधा खो-खोच्या निमित्ताने आधी येतात, फावड्याला नंतर हात लावतात. बाया येतात त्या घरोघरच्या भेटींतून. म्हणून चालवणाऱ्यांत मुली नसतील तर निम्मे गाव बंदच राहते.

पैशाच्या हिशेबात हे काम महागात पडते, आणि हे शिबिर चालवणाऱ्यांइतके कोणालाच ठाऊक नसते. असे मातीकाम मजुरीने करून घेणारा रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने 1977 मध्ये केला. राज्यातला मनरेगा या रोजगार हमी योजनेचा मजुरी दर 2025-26 साठी दिवसाला 312 रुपये ठरला. पुण्याहून वर्ध्याला येण्या-जाण्याचे भाडे आणि आठ दिवसांचा शिधा यांत कित्येक दिवसांची मजुरी निघाली असती, आणि सरावलेला मजूर नवख्या शिबिरार्थ्याच्या दुप्पट-तिप्पट माती काढतो. जेसीबी तर सकाळभराचे काम चहा होईपर्यंत उरकतो. वॉटर कपमध्येही श्रमदान आणि यंत्रकाम यांची मोजणी वेगवेगळी ठेवावी लागली ती यामुळेच. शिबिराने किती घनमीटर खणले हा आकडा समारोपाला टाळ्या मिळवतो, पण शिबिराची किंमत त्यातून वसूल होत नाही. वसूल झालीच तर ती पुढच्या वर्षी कोठी सांभाळायला परत येणाऱ्या चार-पाच जणांतून होते. शंभर जणांची पंगत वेळेवर उठवणे, दोन पार्ट्यांना एका ठरावावर सह्या करायला लावणे, तापलेल्या मुलाला घेऊन रात्री ग्रामीण रुग्णालय गाठणे आणि सकाळी सहाला पुन्हा रेघेवर उभे राहणे, हे ज्याला जमले त्याला संस्था चालवता येते.

या चार-पाच जणांना मिळते काय? राहणे, जेवणे, प्रवासखर्च आणि कुठे कुठे थोडे मानधन. काही संस्था पगारी समन्वयक नेमतात, त्यांची संख्या थोडी. बाकीच्यांचा अख्खा उन्हाळा फुकट जातो, आणि तो फुकट घालवणे सगळ्यांना परवडत नाही. ज्याच्या घरी पाच एकर कोरडवाहू कपाशी आहे त्याला मेअखेरीला वखरणीला घरी जावेच लागते. त्यामुळे गावासाठीच्या शिबिराची सूत्रे शहरातल्या सुस्थित घरच्या मुलांकडे जातात. मानधनाला सेवाभावाच्या विरोधात उभे करण्याची सवय चळवळींना आहे. तिची किंमत आर्वी-आष्टीच्या मुलांनी मोजली आहे.

समारोपाला आमदार येतात, प्रमाणपत्रे वाटली जातात, रडारड होते आणि छावणी दुपारी रिकामी होते. कार्यकर्त्यांचे दोन-तीन दिवस अजून बाकी असतात. संडासाचे चर मातीने बुजवायचे, मांडवाचे बांबू उतरवायचे, भाड्याची भांडी मोजून परत करायची, हरवलेल्या तीन वाट्यांचे पैसे भरायचे. किराणा, टँकर, मजुरी यांच्या पावत्या लावून जमाखर्च ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिण्याची पद्धत काही ठिकाणी आहे आणि ती सगळीकडे असायला हवी. शाळेच्या खोल्या धुऊन किल्ली मुख्याध्यापकांच्या घरी द्यायची.

शेवटची फेरी पावसानंतर. मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की एखादा कार्यकर्ता गावात जाऊन किती चर भरले, कुठे कडा फुटल्या, कोणत्या रेघेची पातळी चुकली होती याची नोंद करतो आणि ती ग्रामपंचायतीकडे देतो. दुरुस्ती लगेच होत नाही. पेरणी आटोपताच निंदण लागते आणि फावडे धरायला गावात माणूस मिळत नाही. गाळाने भरलेले चर उपसण्याचे काम त्यामुळे पुढच्या उन्हाळ्याच्या यादीत, नव्या चरांच्या वर लिहिले जाते.